झोपलेल्या चिपची विचारपूस

आमच्या ऑफिसातल्या काकांनी आयुष्यात जितक्या गोष्टी बंद केल्या असतील, तितक्या वीज कंपनीनंसुद्धा केल्या नसतील. आणि बंद केलेली गोष्ट खरंच बंद झाली आहे का, हे बघायला ते जितक्या वेळा परत आले, तितक्या वेळा भाविक माणसं देवळातही जात नाहीत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर टीव्ही मालिकांतल्या सुनांसाठी खोटे दागिने बनतात, आणि मधे आम्ही यंत्रं बनवतो. या गाळ्यात कुणी पाणी प्यायला उठलं की परत येईपर्यंत त्याचा पंखा बंद झालेला असायचा. चहा घ्यायला गेलेल्याचा मॉनिटर काळा. मीटिंगमध्ये सर पडद्याकडे पाठ करून बोलायला लागले की काका हळूच प्रोजेक्टर बंद करत, कारण “बघतंय कोण त्याच्याकडे?” एकदा त्यांनी बाथरूमचा दिवा बंद केला तेव्हा आत आमचे अकाउंटंट होते. ते सभ्य गृहस्थ. अंधारात ओरडणं बरं दिसेल का, याचा विचार करत ते बराच वेळ तसेच राहिले. तेव्हापासून आमच्याकडे आत जाणारा प्रत्येक पुरुष गाणं म्हणतो. नवीन माणसाला हे कुणी आधी सांगत नाही. पहिल्या अंधारानंतर तो आपणहून गायला लागतो.

हा नियम काका ऑफिसाबाहेरही पाळत. एकदा एक पार्सल सोडवायला मी त्यांच्याबरोबर रिक्षानं साकीनाक्याला गेले होते. सिग्नलला रिक्षा थांबली तसे काका पुढे वाकून म्हणाले, “दादा, इंजिन बंद करा. आपण काय कुठे पळून चाललोय?” रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पांढऱ्या केसांचा मान राखून इंजिन बंद केलं. सिग्नल सुटला आणि रिक्षा काही सुरू होईना. मागच्या गाड्यांनी जो गलका केला तो विमानतळापर्यंत ऐकू गेला असेल. रिक्षावाला म्हणाला, “काका, आता उतरा आणि धक्का मारा.” काका उतरले. मीही उतरले, कारण एकटीनं आत बसून राहणं जास्त लाजिरवाणं होतं. धक्का मारता मारता काका मला म्हणत होते, “बॅटरी वीक आहे त्याची. माझी चूक नाय गो यात. त्याला वेळेवर कळलं, हे बरं झालं की नाय?”

पण बंद करणं हा त्यांचा छंद म्हटला तर तपासणं हा आजार होता. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणजे त्यांनीच ते घेतलं होतं. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा, खोक्यांच्या गाळ्यापाशी थांबायचं, पुन्हा वर जायचं. आता कुलूप नीट लागलं आहे का हे बघायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ओढून बघणं. काकांना तो पुरेसा वाटत नसे. ते किल्ली घालून कुलूप उघडत, दार ढकलून बघत, आणि मग म्हणत, “हां, लागलं होतं बरोबर.” त्यानंतर अर्थात पुन्हा लावावं लागे, आणि जे पुन्हा लावलं ते नीट लागलं का, हा प्रश्न नव्यानं सुरू होई. खाली खोकेवाले त्यांची वाट बघत आपलं शटर ओढायचं थांबत असत. काका शेवटचे उतरले की दिवस संपला, असं त्यांचं गणित होतं. काकांचा डबाही असाच. स्टीलचा डबा, त्याला रबर, तो पिशवीत, पिशवीला गाठ, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सोलकढीच्या बाटलीला बूच, बुचावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर परत रबर. ते सगळं उघडून होईपर्यंत आमचं जेवून झालेलं असे. मग आम्ही हात धुऊन परत येऊन त्यांची सोलकढी पीत बसायचो.

काका जोगेश्वरीला आईबरोबर राहत. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि हे कुटुंब जोगेश्वरीला आलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी कुणाला काहीच विचारत नाही. पण ऑफिसात सगळे म्हणत की मुलगी बघायला गेले होते तेव्हा काकांनी त्या लोकांच्या दिवाणखान्यातली दिवसा लावलेली ट्यूबलाइट बंद केली, आणि ते तिथेच राहिलं. आईचं वय खूप झालेलं, कान तल्लख आणि आवाज त्याहून तल्लख. मुलगा ‘ड्रायव्हर लिहितो’ एवढंच तिला माहीत होतं. त्यातला ‘लिहितो’ हा भाग तिला अनावश्यक वाटायचा. त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना काका कुठेतरी गाडीवर आहेत असं वाटे, आणि त्यांना शेजाऱ्यांच्या भाचीच्या लग्नाच्या वरातीत गाडी चालवण्याची विचारणाही झाली होती. काकांना गाडी येत नाही.

ज्यांचा काकांच्या आईसारखाच घोळ झाला असेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लहान मच्छीमार होड्यांसाठी एक यंत्र बनवतो. हातात मावणारा डबा. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावर आपटून आलेला आवाज ऐकतो, आणि होडीखाली किती पाणी आहे ते पडद्यावर दाखवतो. खाडीत ओहोटी लागली की हे फार उपयोगी पडतं, नाहीतर होडी गाळात बसते. या डब्यात ऐकण्याचं काम करणारी एक चिप आहे, आणि त्या चिपशी बोलणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चिप बॅटरी फार खाते. म्हणून जाळं टाकून होडी नुसती उभी असेल तेव्हा चिपला झोपवायचं आणि लागेल तेव्हा उठवायचं. कधी झोपवायचं, कधी उठवायचं, कसं, हे सगळं काकांनी लिहिलं होतं. एकट्यानं. मी कॉलेजातही नव्हते तेव्हा.

मी त्या ऑफिसात आले तेव्हा मला काकांच्या शेजारचं टेबल मिळालं. मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलतो, पण घरचं मराठी म्हणजे ‘जेवायला ये’ आणि ‘चार्जर कुठेय’. बाहेर बोलायची वेळ आली की मी आधी वाक्य मनात तयार करते, तपासते, आणि तोवर विषय बदललेला असतो. त्यामुळे काका हाताच्या अंतरावर असूनही मी त्यांना चॅटवर मेसेज करायचे. काका चॅटचं उत्तर चॅटवर देत नसत. ते खुर्ची मागे सरकवून सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणत, “काय विचारते ही कॉन्व्हेंट? हा व्हेरिएबल कशाला आहे? अगो, तोंडानं विचार ना, मी काय अमेरिकेत बसलोय?” मग सगळे माझ्याकडे बघत. मी पडद्याकडे बघे. काका तेवढ्यात उठून माझा पंखा बंद करत, कारण मला घाम आलेला त्यांना कधी दिसला नाही.

त्यांचा ड्रायव्हर वाचणं म्हणजे त्यांच्या डब्याच्या पिशव्या सोडवणं होतं. चिप झोपली आहे की नाही हे लक्षात ठेवायला त्यात एक खूण होती. तिचं नाव, इंग्रजी अक्षरांत, ‘झोपला’. त्याखाली दुसरी खूण, ‘खरंच_झोपला’. आणि त्याखाली तिसरी, ‘आईशप्पथ_झोपला’. चिपला झोपवण्याआधी काका या तिघांना विचारत, झोपवल्यावर तिघांना सांगत, आणि शिवाय एक पहारेकरी ठेवला होता. तो थोड्या थोड्या वेळानं चिपकडे जाऊन ती झोपली आहे ना, हे प्रत्यक्ष विचारून येई. मधेमधे सूचना होत्या: ‘ही ओळ काढू नका.’ ‘का ते मला विचारा.’ एका ठिकाणी नुसतंच, ‘नको.’ मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा एकटीच हसले होते. कुणी बघितलं नाही ना, हे पाहिलं आणि पुन्हा हसले.

सगळं चाललं होतं. मग जुनी चिप बाजारातून बंद झाली, आम्ही नवी बसवली, आणि यंत्रं दुपारीच मान टाकायला लागली. माहुलचे एक नाखवा आमची नवी यंत्रं आधी आपल्या होडीवर चालवून बघत. ते मोठ्या मनाचे, पण ऑफिसात आले ते यंत्र टेबलावर ठेवून म्हणाले, “काका, तुमचा डबा जाताना बोलतो न् येताना मुका होतो. मला तर येतानाच जास्त लागतो ना. ओहोटी येतानाच असते.” काकांनी यंत्र उचललं, कानाशी धरलं, खाली ठेवलं.

त्या दुपारी सरांनी मीटिंग घेतली. सर घाटकोपरचे. एका वाक्यात तीन भाषा बोलतात आणि तिन्हीत घाई असते. ते म्हणाले, “काका, प्यार अपनी जगह, धंदा अपनी जगह. चिपवाला त्याचा ड्रायव्हर फुकटमां देतोय. तो लावून टाकू.”

“तो खोल समुद्राचा आहे,” काका म्हणाले. “मी चालवून बघितला. माहुलच्या गाळाला तो पाणी समजतो.”

“ते करू काहीतरी. पण तुम्ही दिवाळीनंतर रिटायर होणार. मग हे रामायण कोण वाचणार?”

“ही वाचेल की.” काकांनी माझ्याकडे बोट केलं, अगदी निर्धास्तपणे, जसं घरातल्या माणसाकडे करतात.

सर माझ्याकडे वळले. “तुला समजतं हे?”

त्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते. वाक्य तयार करायला वेळ नव्हता. खरं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. “नाही,” मी म्हटलं.

सर म्हणाले, “लो. आता सांगा. काका, नाखव्यांची पुढची खेप होईपर्यंत टाइम देतो. एका चार्जमध्ये होडी जाऊन परत आली पाहिजे, आणि हिला सगळं समजलं पाहिजे. नाहीतर तुमचा काढून त्यांचा लावणार. वाईट वाटून घेऊ नका हां.”

त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझा पंखा चालू होता. मी दोनदा पाणी प्यायला उठले, एकदा उगाचच उठले, तरी चालू. त्या ऑफिसात मला इतकं थंड कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर काका आधीच माझ्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसले होते. “कॉन्व्हेंट, बस. पहिल्या ओळीपासून सांग, काय समजत नाय ते. तोंडानं सांग.” मी तोंडानं सांगितलं. ही ओळ का? त्यांनी उत्तर दिलं. ही का? त्याचंही दिलं. प्रत्येक ओळीमागे एक गोष्ट होती, आणि बहुतेक गोष्टी जुन्या चिपच्या नालायकपणाच्या होत्या. काका तिच्याबद्दल असं बोलत, जसं लोक गावच्या भाऊबंदांबद्दल बोलतात. “तिला उठवलं की एकदा उठायची नाय, दोनदा ढकलायला लागायचं. म्हणून हे दोनदा.” नवी एकदाच उठते का? “उठते.” मग हे दुसरं? काका त्या ओळीकडे बघत. मग म्हणत, “काढ.” अशा बऱ्याच ओळी गेल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं चाललं होतं. शेवटी आम्ही ‘आईशप्पथ’पाशी आलो.

“ही का?” मी विचारलं.

काका चष्मा पुसायला लागले. “पहिल्या वर्षी याच नाखव्याची होडी गाळात बसली. जुनी चिप खोटं बोलायची गो. मी झोपले म्हणायची आणि जागीच राहायची. बॅटरी खाऊन टाकली, पडदा काळा. पोरं भरतीची वाट बघत दिवसभर उन्हात होडीत बसली. मी जेट्टीवर उभा. दिसत होती मला, पण जाता येत नव्हतं. परत आल्यावर नाखवा एक शब्द बोलला नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” मग ते म्हणाले, “तेव्हापासून मी कोणाच्या सांगण्यावर ठेवत नाय. जाऊन बघतो.”

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कुठल्याच माध्यमातून शिकवलेलं नाही. मी मान हलवली आणि टेबलावरच्या मीटरकडे बघत बसले. चिप किती वीज खाते ते तो मीटर दाखवतो. काटा खाली जायचा, जरा टेकायचा, आणि पुन्हा उडी मारायचा. खाली, टेकला, उडी. सकाळपासून मी ते बघत होते आणि काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात जेवणाची वेळ उलटली आणि काकांनी रोजच्यासारखा आईला फोन लावला. हा फोन सगळ्या ऑफिसला पाठ होता. आई मोठ्यानं बोलते म्हणून काका फोन कानापासून लांब धरत, आणि आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत.

“गे आये, निजलंस काय?”

“निजलेलंय रे! तूच उठवलंस मा!”

“बरा बरा, मगे नीज.”

“काय नीज! रोज मेल्या फोन करून उठवतंस आणि इचारतंस, निजलंस काय! तू फोन नाय केलंस तर मी निजान!”

मी मीटरकडे पाहिलं. काटा टेकला, आणि उडाला.

“काका,” मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा येतो हे मला माहीत नव्हतं. अकाउंटंटनी मान वर केली. “काका, आपण चिपला फोन करतोय.”

“काय?”

“आपला पहारेकरी. तो चिपला विचारायला जातो, झोपलीस का. जुन्या चिपला बाहेर एक वेगळी तार होती, ती बघून कळायचं. नव्या चिपला ती तारच नाही. तिला काही विचारायचं तर आधी उठवावं लागतं. आपण उठवतो, विचारतो झोपलीस का, ती खरं सांगते, नाही, जागी आहे. मग आपण म्हणतो, बघा, झोपली नव्हती! आणि परत झोपवतो. आणि परत विचारायला जातो. दिवसभर.”

फोन अजून काकांच्या हातात होता. त्यातून माझा आवाज ऐकून आई विचारत होती, “ता कोण चेडू बोलता? बरोबर बोलता!” काकांनी फोन ठेवला. मीटरकडे बघितलं. काटा टेकला, उडाला. त्यांनी बराच वेळ तो बघितला.

“म्हणजे ही खोटं बोलत नव्हती?”

“नाही.”

“मीच तिला झोपू देत नव्हतो.”

मग काकांना हसू आलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग स्टूल. “आये इतकी वर्षं बोंबलून सांगतेय,” ते म्हणाले, “आणि मला कळायला मीटर लागला!”

पण हसून झाल्यावर कीबोर्डवर ठेवलेला हात तसाच राहिला. “आणि पहारेकरी काढला, तर झोपली आहे हे आपल्याला कळणार कसं?”

खरं तर याचं उत्तर त्यांना माहीत होतं. आता यंत्रातली सगळी कामं सांभाळणारी सिस्टीमच हिशेब ठेवते, ज्या प्रोग्रामला चिप लागते त्यानं ‘मला हवी’ म्हणायचं, काम झालं की ‘माझं झालं’ म्हणायचं, आणि शेवटच्याचं झालं की सिस्टीम आपणहून झोपवते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, चाळीतल्या मोरीच्या दिव्याचा दाखला देऊन. आत कुणीतरी आहे तोवर दिवा, शेवटचा बाहेर आला की बंद. पण तो दिवा काकांच्या चाळीतला होता, आणि मला खात्री आहे की तो बंद झाला का हे बघायला काका अंथरुणातून उठून जात असणार.

“आपण विचारायचंच नाही,” मी म्हटलं. “जो उठवेल त्यानं आपलं झालं की सांगायचं. बस. एवढं सगळ्यांनी केलं तर ती झोपतेच.”

“आणि एखाद्यानं नाय सांगितलं तर?”

“तर ती त्याची चूक. ती शोधू आणि तिथे दुरुस्त करू. चिपला नाही उठवायचं.”

“भरवसा ठेवायचा म्हणतेस.”

“हो.”

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “हे मला कोण सांगतंय? तर जी समोसा पण चॅटवर मागवते ती.” मग त्यांनी स्वतःच्या हातानं पहारेकरी काढला. ‘खरंच’ काढला. ‘आईशप्पथ’पाशी बोट जरा थांबलं, ओठ हलले, आणि तोही गेला. ‘झोपला’ही गेला, कारण ते आता सिस्टीमला माहीत होतं. काका सगळ्या जगाची बटणं बंद करत, पण काहीतरी पुसून टाकताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. पानंच्या पानं गेली, आणि जे उरलं ते एका पडद्यावर मावत होतं. प्रोग्राम चालू केला. काटा खाली गेला आणि टेकला. आम्ही वाट पाहिली. तो टेकूनच राहिला. काका उठून जिन्यापर्यंत गेले, परत आले, आणि त्यांनी ऑफिसातले दिसतील ते सगळे पंखे बंद केले, माझासुद्धा. मला फार बरं वाटलं.

नाखव्यांची होडी जाणार होती त्या दिवशी आम्ही माहुलला गेलो. एका बाजूला तेलाच्या कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला तिवरं, आणि मधे ओहोटीनं उघडी पडलेली काळी, ओली खाडी. होडी भरतीला गेली होती. परत यायची तेव्हा पाणी आणखी उतरलेलं असणार, आणि नेमकं तेव्हाच यंत्र लागणार. सर फोनवर बोलत येरझारा घालत होते. काका एका उलट्या टोपलीवर बसले होते. मधेच त्यांनी नाखव्यांना फोन लावायला मोबाईल काढला, नंबर काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मोबाईल माझ्याच हातात दिला. “तू ठेव हा,” म्हणाले. “माझ्याकडे नको.” मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

पाणी उतरत गेलं. चिखलातून खेकडे बाहेर आले. आधी इंजिनाचा टकटक आवाज आला, मग तिवरांच्या वळणावरून होडी दिसली. ती सरळ आली नाही. मधला उंचवटा सोडून, लांबून, पाण्याच्या बारक्या पट्ट्यातून वळसे घेत आली, बघून बघून चालल्यासारखी. जेट्टीला लागायच्या आधीच नाखव्यांनी यंत्र डोक्यावर धरलं. पडदा उजळलेला होता.

“काका! अजून बोलतोय हा! येताना सारा रस्ता डोकं खाल्लं माझं!”

सर ओरडले, “झकास! काका, एक नंबर! चिपवाल्याला सांगतो, ठेव तुझा तुझ्याकडे!” आणि मग मला म्हणाले, “तुला समजतं ना आता?” मी “हो” म्हटलं. काकांनी चष्मा लावून यंत्र दोन्ही हातांत घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पाणी किती दाखवलं वळणावर?” त्यांनी नाखव्यांना विचारलं.

“होतं तेवढंच,” नाखवा म्हणाले, आणि मासळीच्या टोपल्या उतरवायला वळले.

काकांनी यंत्र मला दिलं. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. थोड्या वेळानं म्हणाले, “आता याला माझी गरज नाय गो.” तक्रार नव्हती त्यात. लेकीला नोकरी लागली हे सांगताना बाप जसा बोलतो, तसा आवाज होता. धीर देणारं काहीतरी बोलावं असं मला वाटलं, पण ते म्हणाले ते खरं होतं, म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

दिवाळीनंतर काका रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात ते दोन वाक्यं बोलले, माइक बंद केला, आणि बंद झाला ना हे बघायला त्यात “हॅलो” म्हणाले. मग आईला घेऊन ते मालवणजवळ गावी गेले. जाताना मला म्हणाले होते, “ड्रायव्हरचं काय अडलं तर फोन कर. चॅट नको. फोन.”

मी कारण नसताना फोन करू शकणारी मुलगी नाही. मला फोन करायला काहीतरी काम लागतं, आणि काम असलं तरी आधी वाक्य तयार करावं लागतं. परवा चिपवाल्यांनी चिपमध्ये काहीतरी बदललं आणि सर म्हणाले, ड्रायव्हर बघ, किती दिवस लागतील सांग. मला आनंद झाला. मी वाक्य तयार केलं: काका, मी बोलतेय, ड्रायव्हरमध्ये जरा अडलंय. मग मी फाईल उघडली. काय बदलायचं ते समोरच होतं. बदललं, चालवून पाहिलं, चहा यायच्या आत काम संपलं. म्हणून मी ती फाईल पुन्हा वर नेली आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचत आले, एखादी तरी शंका निघते का बघत. कुठेच काही अडत नाही.